मामांना आणायला कोलकात्याला

वर्षाच्या मामांना सांगलीला घेऊन यायचं, एवढ्या एकाच कामासाठी मी कोलकात्याला गेलो होतो. वर्षा म्हणजे माझी बायको. खरं तर जायचं तिनंच होतं, पण जानेवारीच्या शेवटी शाळेत दहावीच्या पूर्वपरीक्षांची गडबड, तिला रजा मिळेना. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला रिकामा माणूस. तेव्हा ठरलं की मी जायचं आणि सोबत सासूबाईंनी यायचं, कारण मामा ऐकले तर फक्त आपल्या धाकट्या बहिणीचं ऐकतील.

सासूबाईंना मी आई म्हणतो. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण आमच्या दोघांत बोलणं बेताचंच. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात, तरी मी खोलीत आलो की सावरून बसतात. 'जेवलात का माधवराव', 'औषध घेतलंत का आई', एवढ्यावर आमचा संवाद संपतो आणि मग दोघंही वर्षाची वाट बघतो. अशा दोन माणसांनी दोन रात्रींचा रेल्वेप्रवास कसा केला, ते मी सांगत बसत नाही. शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे होते म्हणून निभावलं.

आईंचं माहेर कोलकात्याचं. त्यांचे आजोबा नोकरीसाठी तिकडे गेले आणि घर तिथलंच झालं. आई आणि मामा तिथंच जन्मले, तिथंच शिकले. मग आई लग्न होऊन सांगलीला आल्या. त्यानंतर त्या तिकडे गेल्या त्या आईवडील गेले तेव्हाच, आणि दोन्ही वेळा दिवसकार्य उरकून परत. मामांनी लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले, आणि भवानीपुरातल्या त्याच घरात एकटे राहत होते. वय ऐंशीच्या पुढं. गेल्या दुर्गापूजेच्या सुमाराला न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण खालच्या मजल्यावरच्या शिप्रादींनी फोन करून सांगितलं तेव्हा वर्षाला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून तिनं जाहीर केलं, 'मामा आता इकडे येतील.' आमच्या मागच्या खोलीला रंग दिला, संडासात धरायला स्टीलचे दांडे बसवून घेतले, आणि परतीची तीन तिकिटं काढली.

भवानीपूर

हावड्याला गाडीतून उतरलो की माणूस आधी गांगरतो. एवढं मोठं स्टेशन आणि सगळ्यांनाच घाई. मी सामान सांभाळत हिंदीतून टॅक्सीवाल्याशी बोलू लागलो. तो काहीतरी सांगे, मी काहीतरी समजे. तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी बाई फाडफाड बंगालीत त्याला सुनावू लागली. टॅक्सीवाला हसला, मान डोलावली आणि बॅग उचलून डिकीत टाकली. मी मागं वळून बघितलं. मागं आईच होत्या.

"काय म्हणालात त्याला?" मी विचारलं.

"म्हटलं, मी काय तुला परगावची वाटले का?" त्या म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

हावडा ब्रिजवरून टॅक्सी चालली. डोक्यावर लोखंडाचं जंगल, खाली गढूळ पसरलेली गंगा. नकाशावर ती हुगळी, पण इथं तिला सगळे गंगाच म्हणतात. पलीकडे जुन्या साहेबी इमारती, त्यांच्या अंगावर उगवलेले पिंपळ, आणि त्यांच्या मागून वर आलेले काचेचे मनोरे. एके काळी साऱ्या हिंदुस्थानची राजधानी असलेलं शहर. आता एका राज्याची आहे, पण दिमाख जुनाच. शहराच्या मधल्या मोठ्या मैदानाच्या कडेनं जाताना आईंनी काच पूर्ण खाली केली आणि वारं तोंडावर येत असूनही ती तशीच ठेवली.

मामा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे होते. हिरव्या झडपांची खिडकी, खाली शिप्रादींचं ब्लाउज शिवायचं दुकान. आम्ही जिना चढून वर गेलो, तर दारात उंच, वाकलेले, लोकरीची कानटोपी घातलेले मामा. सांगलीत आम्ही ज्याला थंडी म्हणणार नाही अशा हवेत इथं माणसं कानटोप्या घालतात.

मामांनी बहिणीकडे बघितलं आणि बंगालीत म्हणाले, "केमोन रोगा होये गेछिस रे नलू!" किती वाळलीस, असं.

"आणि तू मोठा पैलवान झालायस," आई मराठीत म्हणाल्या. मामांचा उजवा हात थरथरत होता. तो त्यांनी शालीत घेतला.

"माधवराव, या. आधी पाणी खा," मामा मला म्हणाले.

मी चमकलो. आईंनी हळूच सांगितलं, "बंगालीत पाणी खातातच. पीत नाहीत."

चहा झाला. आईंना दम नव्हता. त्यांनी तिथंच विषय काढला. "दादा, सामान काय काय घ्यायचं ते आजच बघू."

मामा हसले. "नलू, जावई पहिल्यांदा आलेत. आधी त्यांना शहर दाखवू. तीन दिवसांवर सरस्वतीपूजा आहे. पंचमी होऊ दे, मग बोलू."

"म्हणजे नाही म्हणणार."

"मी कुठं नाही म्हटलं?"

संध्याकाळी शिप्रादी वर आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात मापाची फीत, बोलताना डोळे मोठे करणाऱ्या. मामांना त्या 'माश्टारमोशाय' म्हणतात. मी जावई आहे आणि वर शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे अपार करुणेनं पाहिलं. जावयाचं कौतुक तिकडेही आपल्यासारखंच. आपल्याकडे अधिक महिन्यात अनारसे, तिकडे ज्येष्ठात जावयासाठी खास षष्ठी असते आणि त्या दिवशी मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. "मासे न खाणाऱ्या जावयाचं सासूनं करायचं तरी काय?" शिप्रादींनी, मलाही कळावं म्हणून हिंदीत, आईंना विचारलं. आईंनी बंगालीत काय उत्तर दिलं कळलं नाही, पण दोघी बराच वेळ हसत होत्या. आईंना एवढं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

गंगा, वरून आणि खालून

दुसऱ्या दिवशी मामांनी कडक इस्त्रीचा झब्बा घातला, काठी घेतली आणि म्हणाले, "चला, आधी तुम्हाला नदीखालून नेतो."

मेट्रोनं एस्प्लनेडला गेलो आणि तिथून हावड्याची दुसरी मेट्रो पकडली. ही गंगेच्या पोटातून जाते. नदी आली की बोगद्याच्या भिंतींवर निळे दिवे लागलेले दिसतात. क्षणभर डब्यातले सगळे मोबाइल बाजूला ठेवून काचेकडे बघतात, आणि संपतेच नदी. मामा लहान मुलासारखे खूश झाले होते. म्हणाले, "या नदीत मी पोहायला शिकलो. हिच्यावरून जन्मभर गेलो. आता म्हातारपणी हिच्या खालून जायला मिळालं. आणखी काय पाहिजे?"

आई म्हणाल्या, "पोहायला शिकलास नाही, बुडायला शिकलास. बाबांनी केसाला धरून ओढून काढला होता."

परत मात्र लाँचनं यायचं ठरलं. हावड्याच्या धक्क्यावरून लाँच सुटली. फुलांचे भारे घेतलेल्या बायका, सायकली, दप्तरं घेतलेली माणसं, सगळी उभी. मागं राहिलेल्या पुलाकडे वर बघितलं की मान दुखते. काठावर घाट आहेत, घाटांवर माणसं उघड्यानं अंघोळ करतायत, आणि त्यांच्या मागं उंच इमारतींच्या काचांत तेच घाट दिसतायत. मी कृष्णाकाठचा माणूस. आमच्या नदीला घाटाशी बसून न्याहाळायची सवय. ही नदी कुणाकडे बघत नाही, कामाला निघाल्यासारखी जाते.

बाबूघाटला उतरताना मामा अडले. लाँच आणि धक्का यांत हातभर अंतर, तेही खालीवर होणारं. त्यांनी पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. मागून रांग ढकलत होती. मी एका बाजूनं धरलं, फुलांचा भारा घेतलेल्या एका बाईनं भारा खाली टाकून दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि आम्ही त्यांना जवळजवळ उचलून पलीकडे घेतलं. या गडबडीत त्यांची एक चप्पल सुटून पाण्यात गेली. ती जरा वेळ तरंगली आणि मग दिसेनाशी झाली.

मामांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी म्हणाले, "लोक गंगेला नारळ वाहतात. मी चप्पल वाहिली."

आई हसल्या नाहीत. त्यांनी मामांची काठी घट्ट धरून ठेवली होती. "बघितलंस ना?" एवढंच त्या म्हणाल्या.

टॅक्सी करून मैदानात आलो. दोघांना एका झाडाखाली गवतावर बसवलं आणि मी चपला आणायला एस्प्लनेडच्या फुटपाथकडे गेलो. मैदान केवढं! एका अंगाला फोर्ट विल्यमची झाडी आणि लष्कराचे पहारे, दुसरीकडे धुक्यात व्हिक्टोरिया मेमोरियलचा पांढरा घुमट, मध्ये क्रिकेटचे दहा डाव एकात एक मिसळलेले आणि त्यांच्यामधून शांतपणे चरत जाणाऱ्या शेळ्या. एवढ्या मोठ्या शहराच्या अगदी मध्यात शेळ्या चरतात ही गोष्ट मला फार आवडली.

चपला घेऊन आलो तर दोघं बंगालीत बोलत होती. आई हातवारे करत कुणाची तरी नक्कल करत होत्या आणि मामा पोट धरून हसत होते. आईंचा पदर खांद्यावरून घसरला होता, पाय गवतावर लांब पसरले होते. मी जवळ गेलो तर त्या सावरून बसतील, म्हणून चपलांची पिशवी हातात धरून जरा लांबच बसलो. शेजारी चहावाला आला. मातीच्या एवढ्याशा पेल्यातला चहा दोन घोटांत संपतो. मी तीन पेले प्यायलो.

एक जेवण

त्या दुपारी शिप्रादींनी वर जेवण पाठवलं. माझ्यासाठी कडवट चवीची पातळ भाजी, वांग्याचे तळलेले काप, आणि खसखशीतले बटाटे. खसखस आपण अनारशाला लावतो, खिरीत घालतो. तिकडे तिची वाटीभर भाजी करतात आणि मग दुपारी सगळे झोपतात. झोपेचं कारण मला तिथं कळलं.

दुसऱ्या डब्यात मामांसाठी मोहरी घातलेलं माशाचं कालवण होतं. झाकण काढलं तसा मोहरीचा भपकारा खोलीभर झाला. आईंचा हात भातावर थांबला.

इथं सांगायला हवं की माझ्या सासऱ्यांचं घर कडक शाकाहारी. लग्न होऊन आल्यापासून आईंनी मासे खाल्लेले नाहीत. त्यांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढल्याचंही कुणाला आठवत नाही. सांगलीत त्या सोवळ्यानं नैवेद्य करणाऱ्या बाई म्हणूनच सगळ्यांना ठाऊक.

"माधवराव," आई म्हणाल्या. आवाज अगदी हळू. "त्या खिडकीतून समोरची दुर्गेची जुनी देवळी दिसते. तुम्ही बघितलीत का?"

"नाही आई."

"बघून घ्या जरा. नीट बघण्यासारखी आहे."

मी ताट घेऊन खिडकीकडे तोंड करून बसलो. समोर एका घराची भिंत होती आणि तिच्यावर वाळत घातलेली मच्छरदाणी. मी ती नीट बघितली. पाठीमागं वाटी सरकली. मग मामांचा आवाज आला, "काटा बघ नलू," आणि आईंचा, "मला शिकवतोस?"

जेवण झाल्यावर आईंनी हात धुतले आणि माझ्यासमोर नव्या गुळाचा संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, ठेवला. साखरेच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या आणि कोल्हापुरी गुळाचा अभिमान असलेल्या माणसानं हे लिहू नये, पण खजुराच्या रसाचा तो गूळ म्हणजे धुराचा वास लागलेलं अमृत आहे. मी दुसरा मागितला. "घ्या की," आई म्हणाल्या. त्यांचे डोळे मोहरीनं लाल झाले होते, असं मी समजलो. वर्षाला मी हे सांगितलं नाही. आता ती वाचेल.

कुमारटुली

पंचमीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला उत्तर कोलकात्यात गेलो. कुमारटुली म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून मूर्ती आली तर माणसानं भिंतीला चिकटून देवीला वाट द्यायची. दोन्ही बाजूंना गवताचे नुसतेच सांगाडे, चिखल लावलेली धडं, रंग दिलेले पण डोळे न काढलेले चेहरे, आणि सजून तयार झालेल्या शेकडो सरस्वती. आपल्या पेणच्या गणपतींची आठवण झाली. पण आपण मूर्ती रुमालानं झाकून आणतो. इथं देवी उघड्या तोंडानं, रिक्षातून, सायकलवरून, मुलांच्या खांद्यावरून शहर बघत घरी जाते.

गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर टपोरी बोरं होती. मी एक उचलून तोंडात टाकणार तोच मामांनी माझ्या हातावर चापट मारली.

"पूजेआधी बोर खायचं नाही! विद्या जाते."

"मामा, आमच्याकडे संक्रांतीला पोरांना बोरांनी न्हाऊ घालतात."

"म्हणूनच," मामा म्हणाले, "तुमच्याकडे गणिताचं असं."

आईंनी वीतभर उंचीची मूर्ती निवडली. मूर्तिकाराशी घासाघीस करताना त्या दोनदा निघून गेल्या आणि दोनदा परत आल्या. मग टॅक्सीत मूर्ती मांडीवर घेऊन बसल्या. वाटेत कॉलेज स्ट्रीटवर गाड्या अडकल्या. दोन्ही फुटपाथ पुस्तकांच्या टपऱ्यांनी भरलेले, पुस्तकांच्या भिंतीतून दुकानदारांची नुसती डोकी दिसत होती. त्या खोळंब्यात मामा आपणहून बोलू लागले.

"माधवराव, तुमच्या लग्नाला मी सांगलीला आलो होतो. आठवतं?"

मला अंधुक आठवत होतं.

"मांडवात मी पोरांना म्हटलं, पाणी खाल्लं का रे. झालं. दोन दिवस माझ्या मागं मागं फिरत होती. मामा, पाणी खा. मामा, चहा खा. वाईट नाही वाटलं, पोरंच ती. पण तेव्हापासून मराठी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवतो. नलूशी तेवढं जुळवावं लागत नाही."

आई मूर्तीच्या हातातली इवलीशी वीणा सरळ करत होत्या. "मला नव्हतं माहीत," त्या म्हणाल्या.

"तू मांडवात नव्हतीसच. वधूमाय होतीस, कामात."

थोडं पुढं गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "माधवराव, तहान लागली असेल. पाणी खा." आणि बाटली माझ्याकडे दिली. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मी निमूट पाणी खाल्लं.

पंचमी

त्या सकाळी सगळी गल्ली पिवळी झाली होती. पिवळ्या साड्यांतल्या मुली, झब्ब्यांतली मुलं, कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव. मामांच्या खोलीत पाटावर मूर्ती, पुढं पुस्तकं रचलेली. पूजेच्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही, हा नियम आपल्याकडच्या दसऱ्यासारखाच. सासरे गेल्यापासून फिकट साड्याच नेसणाऱ्या आईंनी शिप्रादींची पिवळी साडी नेसली होती.

शिप्रादी आपल्या नातीला घेऊन आल्या. तीन वर्षांची, गुबगुबीत, साडी सांभाळता न येणारी. आज तिनं पहिलं अक्षर लिहायचं होतं. पाटी आली, खडू आला. मामांनी मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत खडू दिला आणि वरून आपला हात ठेवला.

हात थरथरू लागला. पाटीवर एक वेडीवाकडी रेघ उमटली. मामांनी ती पुसली, पुन्हा हात ठेवला. पुन्हा तेच. जन्मभर फळ्यावर लिहिलेल्या माणसाचा तो हात होता. मामांनी खडू खाली ठेवायला घेतला तेव्हा आई पुढं येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. त्यांनी आपला हात मामांच्या हातावर ठेवला. खाली मुलीची मूठ, वर मामांचा हात, त्यावर आईंचा. तिघांनी मिळून बंगाली 'अ' काढला. जरा डावीकडे कललेला, पण 'अ'च. शिप्रादींनी शंख फुंकला, आणि ती मुलगी शंखाला घाबरून रडू लागली.

दुपारी खिचडी झाली, बोरांची चटणी झाली. सगळे गेल्यावर मामा म्हणाले, "नलू, पंचमी झाली. मी येतो सांगलीला."

आई मागं वळल्या.

"लाँचवर तुझं तोंड बघितलं मी," मामा म्हणाले. "तुला घोर लावून इथं राहण्यात काय अर्थ? बॅग भरायला घे."

मी वर्षाला कळवायला फोन काढला. आईंनी खुणेनं मला थांबवलं आणि गॅलरीत निघून गेल्या. मी जरा वेळानं मागोमाग गेलो. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. खाली पोरं मांडवातल्या गाण्यांवर नाचत होती.

"आई, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला ना." मग खाली बघत, "तो आला की हे घर बंद. मग मी इथं कधी येणार? कुणाकडे?"

मी त्यांच्या शेजारी कठड्याला टेकलो.

"तुम्ही म्हणाल म्हातारीला आता माहेर सुचतंय. पण माधवराव, या चार दिवसांत मी किती बोलले हो! मला वाटायचं आपला स्वभावच अबोल."

तीस वर्षं मलाही तसंच वाटत होतं. मी त्यांना अबोल म्हणूनच ओळखत होतो, आणि आमच्या घरात त्यांना काही कमी नाही याचा मला अभिमान होता. कमी तसं काही नव्हतंच. फक्त ज्या भाषेत त्या लहान झाल्या, भांडल्या, हसल्या, तिच्यात त्यांना काही विचारणारं कुणी नव्हतं. मला कधी सुचलंही नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "तुम्हीच राहता का इथं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही भलतंच बोललोय. "असं कुठं असतं का? लोक काय म्हणतील? लेकीचं घर सोडून म्हातारी माहेरी जाऊन बसली! आणि वर्षा?"

"वर्षाशी मी बोलतो."

"माझ्या औषधांचं?"

"गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर आहेत. खाली शिप्रादी आहेत. तुम्ही दोघं असलात तर एकमेकांना सांभाळाल. उन्हाळा सोसेनासा झाला की मी दोघांना न्यायला येईन. नाही जमलं तर त्याआधी येईन."

वर्षाला फोन लावला. ती आधी मामा तयार झाले म्हणून हरखली. मग मी पुढचं सांगितलं.

"तुम्हाला मामांना आणायला पाठवलं होतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही आईलाही ठेवून येताय?"

"तू इथं असतीस तर तूच म्हणाली असतीस."

"मी नाही म्हणाले असते. तिला रात्री उठावं लागतं, माहिती आहे ना? दिवा कोण लावणार?" तिचा आवाज चिरकला. "तिला आपल्याकडे काही कमी पडलं का?"

"नाही. पण त्यांना इथं तू बघितलंस तर ओळखायची नाहीस. त्या नकला करतात वर्षा. टॅक्सीवाल्यांशी भांडतात. आज त्यांनी पिवळी साडी नेसली."

"आईनं? पिवळी?"

"त्यांच्याशीच बोल."

मी फोन आईंना दिला आणि आत आलो. मामा पलंगावर बसून होते, समोर उघडी बॅग, आत एक कानटोपी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मला कुणी विचारलं का," ते म्हणाले, "मला ती इथं हवीय की नको?"

"हवीय का मामा?"

त्यांनी कानटोपी बॅगेतून काढली, झटकली आणि डोक्यावर चढवली. ती चढवायला त्यांना फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती.

गॅलरीतून आईंचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. "हो गं... नाही गं... दिवा पलंगाजवळच लावून घेते मी... रडू नको बाई, तू रडलीस तर मी येते बघ." शेवटी त्या आत आल्या, फोन माझ्या हातात दिला. वर्षा अजून लाइनवर होती. "उद्या निघायच्या आधी संडासात धरायला दांडे बसवून घ्या," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी. आणि रबरी चटई टाका." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

निघताना

दुसऱ्या दिवशी प्लंबर शोधण्यात माझं व्हिक्टोरिया आतून बघायचं राहिलं. दांडे बसले, चटई आली, आईंच्या पलंगाशी दिवा लागला. शिप्रादींनी औषधांच्या वेळा माझ्याकडून दोनदा समजून घेतल्या आणि मला बजावलं की काळजी करायची नाही, केली तर त्यांचा अपमान होईल.

दुपारी निघालो. आईंनी वर्षासाठी गुळाची मडकी बांधून दिली. मी वाकून दोघांना नमस्कार केला. मामांनी डोक्यावर हात ठेवला. तो थरथरत होता, त्यामुळे आशीर्वाद बराच वेळ मिळाला.

बंगाल्यांतही निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो'च म्हणतात. शिप्रादींनी मला ते त्यांच्या भाषेत शिकवलं होतं. मी दारात उभा राहून जमेल तसं म्हटलं, "आई, आशछि."

आईंनी पदर सावरला नाही. दाराच्या चौकटीला टेकून, माहेरी असलेल्या बाईच्या ऐसपैस आवाजात त्या म्हणाल्या, "या हं माधवराव. सावकाश जा. आणि पुढच्या वेळी वर्षाला घेऊन या, आमच्या घरी."

जिना उतरून खाली येईपर्यंत वर दोघांचं बंगालीत काहीतरी जुंपलेलं ऐकू आलं. शिप्रादींना विचारलं तर म्हणाल्या, संध्याकाळी कुठला मासा आणायचा यावरून भांडण चाललंय. टॅक्सीत बसल्यावर मी गॅलरीकडे बघितलं. तिथं कुणीच आलं नव्हतं. दोघंही आत भांडत असावीत.